डायच्या भोकापेक्षा जाड दोरी

मंडळी, वाशीला यायचं म्हटलं की मला महाप्याची एक शेड आठवते. बी.एस्सी.ला होतो. मामांकडे एक्स्ट्रूडर होता, म्हणजे प्लास्टिक वितळवून भोकातून दाबून बाहेर काढायचं यंत्र. हॉपरच्या नरसाळ्यात प्लास्टिकचा दाणा ओतायचा, तो बॅरलच्या तापलेल्या नळीत वितळायचा आणि डायमधून, म्हणजे टोकाच्या भोकाच्या साच्यातून, गरम दोरी बाहेर यायची. मी वाकून बघितलं, तर दोरी भोकापेक्षा जाड! ऑपरेटर म्हणाला, "माल फुगतो रे, म्हणून डाय बारीक ठेवायची." का फुगतो, ते त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. माझी पुढची पस्तीस वर्षं त्या प्रश्नाने नेली.

प्लास्टिकचा रेणू म्हणजे हजारो दुव्यांची साखळी. हे हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडलं, तेव्हा नावाजलेल्या रसायनतज्ज्ञांनीही मानलं नाही. नोबेल मिळायला १९५३ उजाडलं. वितळलेल्या मालात ही साखळी विस्कटलेल्या लोकरीसारखी पडून असते. डायच्या अरुंद वाटेत ती ताणली जाते आणि बाहेर पडताच पुन्हा गोळा होते. लांबीत आखडली की जाडीत वाढणारच. आपण मुळात कशा होतो, हे साखळीला आठवतं म्हणा ना.

ही आठवण किती टिकते? फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ साली फार सुंदर उत्तर दिलं. शेजारणींच्या गर्दीत साखळीला आडवं सरकता येत नाही. दाट गवतातल्या सापासारखी ती आपल्याच वाटेनं पुढे-मागे सरपटते. साखळी १० पट लांब केली, तर त्या बोळातून सुटायला १००० पट वेळ लागतो. प्रयोगात मात्र आकडा अडीच हजार पटींच्या घरात येतो, कारण टोकं सतत आत-बाहेर होत असतात आणि आखूड साखळीला त्याचा फायदा जास्त मिळतो. या फरकाने मला अनेक रात्री जागवलं आहे.

त्या गर्दीत एकच साखळी ओळखायची कशी? काही साखळ्यांमध्ये जड हायड्रोजन घालायचा. न्यूट्रॉनला त्या वेगळ्या दिसतात. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला १९८५ साली सुरू झालेली ध्रुव अणुभट्टी आहे. तिथल्या न्यूट्रॉनच्या झोतावर मी ही मोजमापं शिकलो.

पुढे नॅनोरचनांकडे वळलो. एकमेकींशी न पटणाऱ्या दोन जातींच्या साखळ्या टोकाला टोक जोडायच्या. तेल-पाण्यासारखं वेगळं व्हायचं असतं, पण गाठ सुटत नाही. मग एकाच घरात दोन चुली मांडाव्यात, तसे १० ते १०० नॅनोमीटरचे थर, नळकांडी किंवा गोळे आपोआप तयार होतात. बुटांच्या तळव्यांत वापरतात त्या एका रबरात पॉलिस्टायरीनचे असेच कडक गोळे रबराला धरून ठेवतात. तापवलं की ते मऊ होतात आणि माल पुन्हा साच्यात घालता येतो.

सध्या माझे विद्यार्थी पातळ फिल्ममधल्या थरांवर काम करताहेत. छोट्या तुकड्यात ते सरळ येतात, फिल्म मोठी झाली की बोटाच्या ठशासारखे वळतात. दिवे जरा मंद करता का? मागच्या रांगेतही दिसायला हवं. हे बघा, डावीकडे सगळ्या रेघा सरळ आहेत, आणि इथे, मधोमध, एक रेघ फुटून दोन झाल्या आहेत.