वात बारीक करून सांगितलेल्या गोष्टी

श्रोतेहो, नमस्कार. आज एका लेखकाविषयी: लाफ्कादिओ हर्न. जपानमध्ये विचाराल तर कोइझुमी याकुमो. आई रोझा ग्रीक, वडील आयरिश, ब्रिटिश फौजेत सर्जन. जन्म १८५० चा, लेफ्कादा नावाच्या ग्रीक बेटावर. मुलाचं नावही त्या बेटावरूनच पडलं. आईवडील दोघंही लहानपणीच दुरावले आणि डब्लिनमध्ये वडिलांच्या मावशीनं त्याला वाढवलं. सोळाव्या वर्षी शाळेत डावा डोळा गेला, उजवाही अधूच. पुढं अमेरिकेत बातमीदारी, मग मार्टिनिक हे कॅरिबियन बेट, आणि १८९० मध्ये जपान. तिथं मात्सुए गावी तो इंग्रजी शिकवायला गेला.

हा माणूस जपानी भुताखेतांच्या गोष्टींसाठी ओळखला जातो, पण जुनी जपानी पुस्तकं त्याला स्वतःला वाचता येत नव्हती! ती वाचायची त्याची बायको सेत्सु. सामुराई घराण्यातली, पण घरची परिस्थिती खालावल्यामुळे शाळा लवकर सुटलेली. दोघांची घरात एक वेगळीच बोली होती. क्रियापदं चालवायची नाहीत, प्रत्यय गाळायचे. आपल्याकडे ‘मी उद्या जाणे, तू गोष्ट सांगणे’ म्हणावं तशी.

सेत्सु जुन्या बाजारातली पुस्तकं धुंडाळून आणायची. रात्री दिव्याची वात बारीक करून गोष्ट सांगायची. पुस्तक हातात धरलेलं त्याला चालत नसे. तुझे शब्द, तुझे विचार हवेत, असा त्याचा हट्ट. कारण कदाचित हे असावं: वाचून दाखवताना आवाज सपाट होतो, भीती निघून जाते. म्हणून सेत्सुला आधी गोष्ट पचवावी लागे. गोष्ट आवडली की तो सांगाडा टिपून घ्यायचा, आणि मग प्रश्न सुरू. एका गोष्टीत बाई किंचाळते, ‘अगंबाई, रक्त!’ ते नेमकं कुठल्या सुरात? त्या वेळी लाकडी खडावांचा आवाज कसा आला असेल? रात्र कशी होती? एकेक वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणायला लावी.

आंधळ्या होइचीची गोष्ट घ्या. मेलेल्या योद्ध्यांसमोर बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवून त्यांच्याच पराभवाची कथा गाणारा हा गवई. तिथं सामुराई दारावर येऊन ‘मोन ओ आके’, म्हणजे ‘दार उघड’, असं म्हणतो. हर्नला ते मिळमिळीत वाटलं. त्यानं तिथं ‘काइमोन!’ घातलं. अर्थ तोच, पण शब्द तोडून टाकल्यासारखा, हुकमाचा. हे लिहीत असताना संध्याकाळी तो दिवाही लावत नसे. सेत्सुनं शेजारच्या खोलीतून हळूच ‘होइची, होइची’ अशी हाक मारली, तर आतून उत्तर आलं: मी आंधळा आहे, आपण कोण?

‘क्वाइदान’ हा अशा गोष्टींचा त्याचा संग्रह १९०४ मध्ये निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरात हर्न वारला. प्रस्तावनेत जुन्या पुस्तकांचा उल्लेख आहे, ‘हिमस्त्री’ची गोष्ट सांगणाऱ्या एका शेतकऱ्याचाही आहे. सेत्सुचा नाही, आणि ते खटकतं. घरात मात्र तो वेगळं बोलायचा. आपण शिकलो नाही याची सेत्सुला खंत वाटे. एकदा त्यानं तिला हाताला धरून स्वतःच्या पुस्तकांच्या कपाटापुढं नेलं आणि विचारलं, ही कुणामुळं झाली? तू शिकलेली असतीस, तर भुतांच्या गोष्टींना हसली असतीस.