उपाशी या, उपास करून नको

नमस्कार मंडळी. चहाचा कप हातात असेल तर राहू द्या, आज तुमचं रक्त कुणी काढणार नाहीये. मला विषय दिलाय, दवाखान्यातून रक्त-लघवीच्या तपासण्या करून घेणं आणि त्यांचे रिपोर्ट समजून घेणं. पण आधी आमच्या आत्याबाईंची गोष्ट.

आत्याबाई आपल्या इंदूरच्याच, रामबागेतल्या. वय ७४, साखरेचा त्रास नाही. जरा थकवा वाटतो म्हणून डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी पर्ची लिहिली आणि कंपाउंडर म्हणाला, "काकी, कल सुबह फास्टिंग में आना." घरी येऊन त्यांनी नातवाला विचारलं, "फास्टिंग म्हणजे काय रे?" पोरगं मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालं, "आजी, फास्ट म्हणजे उपास."

झालं! आत्याबाईंना उपास का शिकवायचा? पहाटे उठून साबुदाणा परतला, साडेसहाला खाऊन साडेसातला दवाखान्यात हजर. "फास्टिंग है?" "हो, कडक."

रिपोर्ट रात्री नातवाच्या मोबाइलवर आला. फास्टिंग साखर १६४, शेजारी ठळक अक्षरात 'हाय'. दुसऱ्या दिवशी रविवार, दवाखाना बंद. घरातला साखरेचा डबा फळीवर चढला. सुनेने कारली आणली, शेजारच्या काकांनी मेथीदाणे भिजवायला दिले. त्यांनाही ते कुणीतरी दिलेलेच होते. आत्याबाई दिवसभर बिनसाखरेचा चहा पीत देवघरासमोर बसून होत्या.

सोमवारी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग आत्याबाईंकडे पाहिलं. "त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं?"

"काही नाही. उपास होता."

डॉक्टर मराठी घरातले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं. उपासाला काय खाल्लं?"

"फार नाही हो. वाटीभर खिचडी, दोन राजगिऱ्याचे लाडू. आणि चहा, पण तो उपासाला चालतो."

(खिचडीवरून आठवलं. आपल्या सराफ्यात रात्री वाफेवरची खिचडी मिळते, वर फराळी चिवडा घालून. लोक तिच्यासाठी लांबून येतात. येऊ देत. दाण्याचं कूट आणि तुपातल्या जिऱ्याची फोडणी नसेल तर मी तिला खिचडी म्हणत नाही. असो.)

साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. तो खाऊन तासाभरात रक्त दिलं तर साखर वर दिसणारच. डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करवली, सोबत एचबीए१सीही, म्हणजे मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी. या वेळी साखर आली ९४ आणि एचबीए१सी ५.६, दोन्ही ठीक. साखरेचा डबा खाली उतरला.

तेव्हा लक्षात ठेवा, उपाशी म्हणजे उपास नाही. उपाशी म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर आठ ते बारा तास साध्या पाण्याशिवाय काही नाही. चहा नाही, फराळ नाही. परत सांगते, पाणी चालतं, साबुदाणा चालत नाही. सकाळच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. जेवणानंतरची साखर द्यायची असेल तर दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. एचबीए१सीला मात्र उपाशी राहावं लागत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे त्यात दोन-तीन महिन्यांचा हिशेब येतो, कालच्या जिलेबीचा नाही.

रिपोर्टवरच्या ठळक अक्षरांनी घाबरू नका. शेजारी छापलेली मर्यादा बहुतेक तपासण्यांत अशी ठरवलेली असते की धडधाकट माणसांतलेही शंभरात पाच जण तिच्या बाहेर पडतात. तो आकडा तुमच्या बाबतीत काय सांगतो, हे तुम्हाला तपासणारा डॉक्टर बघेल. मोबाइल बघणार नाही आणि मेथीवाले काकाही नाहीत.

आणि निघताना काउंटरवर तीन गोष्टी विचारा. रिपोर्ट कधी येणार, कुणाकडे येणार, मला कोण सांगणार? फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. फोन आला नाही म्हणजे फोन आला नाही, एवढंच. आपण जाऊन विचारायचं. पर्चीवरचं नाव आणि वयही बघून घ्या. आपल्याकडे एका गल्लीत चार सुनंदा जोशी निघतात.

परवा त्याच दवाखान्यात बसले होते. कंपाउंडर समोरच्या काकूंना पर्ची देत म्हणाला, "काकी, कल फास्टिंग में आना." मग माझ्याकडे बघून हळूच पुढे म्हणाला, "साबूदाना भी नहीं."