उसाचा ट्रॅक्टर, सिग्नलची सेकंदं आणि संशोधकाचं वजन

नमस्कार मंडळी. ऊस हंगाम सुरू झाला की कोल्हापुरात सिग्नलची रांग लांबते. दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं उभा असला, तर हिरवा लागूनही तो जागचा हलेपर्यंत मागच्या दुचाकीवाल्यांचा जीव खालीवर होतो. ही रांग मोजायची कशी आणि कमी करायची कशी, यावर जगभर संशोधन चालतं. त्यातल्या एखाद्या संशोधकाच्या कामाचं वजन किती, हे कसं ओळखायचं ते आज बघू.

पहिला आकडा समोर येतो तो एच-इंडेक्सचा. 2005 साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो सुचवला. समजा, एकाच्या सहा पेपरना 40, 22, 9, 6, 5 आणि 3 सायटेशन आहेत, म्हणजे इतरांच्या पेपरांत त्यांचे तितके दाखले आलेत. निदान 5 सायटेशन असलेले 5 पेपर आहेत, म्हणून एच-इंडेक्स 5. झालं, इतकंच गणित.

आपल्याकडं यात हमखास घोळ होतो तो नावांचा. आडनाव पाटील, आद्याक्षरंही तीच, असे संशोधक कमी आहेत का? गूगल स्कॉलर या पेपर शोधण्याच्या साइटवर एकाचे पेपर दुसऱ्याच्या खात्यात जाऊन बसतात. म्हणून आकडा बघण्याआधी त्या व्यक्तीचा 16 अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख क्रमांक, शोधा आणि पेपरांची यादी ताडून घ्या. स्कोपस या सायटेशन मोजणाऱ्या दुसऱ्या साइटचा आकडा गूगलपेक्षा कमी दिसला तर दचकू नका. स्कोपस ठरावीक यादीतली नियतकालिकं आणि परिषदा धरतं, गूगल प्रबंधसुद्धा मोजतं.

आता मुद्द्यावर येऊ. या विषयातलं सगळ्यात जास्त वापरलेलं काम कुठलं म्हणाल, तर मी एफ. व्ही. वेब्स्टर यांचं नाव घेईन. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीचा 1958 सालचा 39 क्रमांकाचा तांत्रिक अहवाल. सिग्नलचं एक आवर्तन किती सेकंदांचं असावं, याचं सूत्र त्यात आहे.

[पडद्यावर: आवर्तन = (1.5 × वाया जाणारा वेळ + 5) ÷ (1 − भार)]

हे वापरून बघू. सायबर चौकासारखा चौक डोळ्यासमोर आणा. आकडे मात्र समजण्यापुरते घेतलेत. 7 मीटर रुंद रस्त्यानं 15 मिनिटांत 300 दुचाकी, 60 कार, 15 रिक्षा, 5 बस-ट्रक आणि 3 ट्रॉलीवाले ट्रॅक्टर आले. सगळ्यांना एका मापात आणायचं, ते माप म्हणजे पीसीयू, एक वाहन किती कारच्या बरोबरीचं ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) 1990 च्या तक्त्यात वाहनाच्या टक्केवारीनुसार हे माप बदलतं. आपल्या मिश्रणात दुचाकी 0.75, कार 1, रिक्षा 1.2, बस-ट्रक 2.2 आणि ट्रॅक्टर-ट्रॉली 4. बेरीज 326, म्हणजे तासाला 1304.

हिरवा सलग चालू राहिला तर हा रस्ता तासाला किती सोडेल? वेब्स्टर यांच्या मापानं रुंदीच्या मीटरमागं 525 पीसीयू धरा, सात मीटरचे 3675. 1304 ला 3675 नं भागलं की 0.355, हा या रस्त्याचा भार. आडव्या रस्त्याचा भार 0.30 असला तर एकूण 0.655. निघताना आणि पिवळ्या-लालात मिळून 10 सेकंद वाया जातात असं धरलं, तर आवर्तन येतं 58 सेकंद. त्यातले 48 सेकंद हिरव्याचे, भाराच्या प्रमाणात वाटले की 26 आणि 22.

आता हंगामात त्याच 15 मिनिटांत 3 ऐवजी 15 ट्रॅक्टर आले. बाकी काही बदललं नाही. आवर्तन 68 सेकंदांवर जातं! बारा ट्रॅक्टरांनी दहा सेकंद वाढवली. भार 0.9 ला पोचला तर सूत्र 200 सेकंद सांगतं. तिथं सेकंदं वाढवत बसण्यात अर्थ नाही, रस्त्याची क्षमताच संपत आलेली असते.

हा हिशेब करणारा अभियंता पेपर लिहीत नाही, त्यामुळं त्याच्या वापराची सायटेशन कुठंच पडत नाही. माझ्या मते सायटेशनच्या आकड्याची सगळ्यात मोठी उणीव हीच.

पण वेब्स्टर यांचा 525 ब्रिटिश रस्त्यांवर मोजलेला आहे. तिथं गाड्या लेनमध्ये उभ्या राहतात. आपल्याकडं दुचाकी फटीफटीतून पुढं येऊन स्टॉप लाइनवर जमतात आणि हिरवा लागताच घोळक्यानं सुटतात. म्हणून इथली क्षमता इथंच मोजायला हवी. 2017 साली सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं काढलेल्या इंडो-एचसीएम या भारतीय रस्त्यांच्या क्षमतेच्या मार्गदर्शिकेमागं हीच गरज आहे.

कॅमेऱ्यानं मोजणी करतानाही तेच. चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या योलो या संगणक प्रणालीचं तयार मॉडेल बहुधा कोको नावाच्या डेटासेटवर, म्हणजे खुणा केलेल्या चित्रांच्या संग्रहावर, शिकलेलं असतं. त्यात 80 प्रकारच्या वस्तू आहेत, पण रिक्षा नाही. मग मॉडेल रिक्षाला कधी कार म्हणतं, कधी ट्रक. आपल्या 15 रिक्षा ट्रक ठरल्या तर 18 पीसीयूचे 33 होतात. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं तयार केलेल्या इंडिया ड्रायव्हिंग डेटासेटमध्ये 10,004 चित्रं आहेत आणि रिक्षाला स्वतंत्र वर्ग आहे. असा डेटासेट ज्यांनी कष्टानं खुणा करून खुला केला, त्यांचं योगदान मी नव्या मॉडेलच्या एखाद्या पेपरपेक्षा कमी मानणार नाही.

तेव्हा प्रोफाइल तपासताना त्या संशोधकाचा सगळ्यात जास्त सायटेशन असलेला पेपर उघडा. त्याचा दाखला देणारे दहा पेपर काढा आणि त्यांत त्याचं नाव कुठं आलंय ते बघा. प्रस्तावनेत पंधरा नावांच्या माळेत आलं असेल, तर पेन्सिलीनं बारीक टिंब. पद्धतीच्या भागात सूत्र, डेटा किंवा कोड वापरला असेल, तर ठळक खूण. दाखला देणारा तोच किंवा त्याचाच सहलेखक असेल, तर ते नाव आधी बाजूला काढा. मग आयआरसीच्या मार्गदर्शिका आणि इंडो-एचसीएममध्ये शोधा. तिथं संदर्भ सापडला तर त्याला दोन ठळक खुणा द्या.