कमरेला काचायला नको

[दृश्य: चोपड्याकडची सकाळ, शेताच्या बांधावर मोठी चिंच]

ही चिंच दिसतेय ना, हिच्यावर माझे मामा पस्तीस वर्षं चढतायत, अनवाणी, कमरेला विळा खोचून आणि खांद्यावर एक नाडा टाकून. चोपडा म्हणा, यावल म्हणा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमधे अशी दोन-चार माणसं असतातच, कुणी चिंचा झोडपायला चढतो, कुणी कैऱ्या उतरवायला, कुणी पावसाळ्याआधी घरावर आलेली निंबाची फांदी तोडायला, आणि विचारलं की म्हणतात भो, आजवर काही झालं का? मला हे ऐकवत नाही आता.

हार्नेस, म्हणजे दोराला जोडायचा कमरेचा आणि मांड्यांचा सुरक्षेचा पट्टा, का नाही घालत म्हटलं की उत्तर एकच, काचतो. आणि ते खरं बोलतात.

[दृश्य: निंबाच्या फांदीला बांधलेला झोका]

आखाजीला झोका बांधतो आपण, तेव्हा नुसत्या दोरावर कुणी बसतं का? दोन मिनिटांत मांडीत रुततो, म्हणून पाट टाकायचा नाहीतर गोधडीची घडी. चांगल्या हार्नेसमधे पण हेच केलेलं असतं, अंगाचं वजन बारीक पट्ट्यावर न येता कंबर आणि मांड्यांच्या रुंद जागेवर पसरवलेलं असतं.

माझी स्वतःची चूक सांगतो. मी पहिला पट्टा ऑनलाइन घेतला, खाली लिहिलं होतं झाडासाठीपण चालेल. घरामागच्या निंबावर दोर टाकला, हार्नेसला एकच रिंग, ती पण पाठीवर, तिथे दोर लावून लटकलो तर तोंड जमिनीकडे, हात हवेत, पट्टे जांघेत रुतलेले, धड करवत धरता येईना. खाली आलो तेव्हा दोन्ही पायांना मुंग्या. तो पट्टा वाईट नव्हता, तो बिल्डिंगवर काम करणाऱ्यांचा होता, माणूस पडला तर त्याला धरून ठेवणारा. त्यात बसून काम करायचंच नसतं.

म्हणून आधी लेबल वाचा. पडणं अडवणाऱ्या पूर्ण अंगाच्या हार्नेसवर आपल्याकडचा आयएस 3521 किंवा युरोपचा ईएन 361 हा मानकाचा क्रमांक असतो. झाडावर कामासाठी शोधायचे ते ईएन 813 आणि ईएन 358, पहिल्याचा अर्थ यात बसता येतं, दुसऱ्याचा अर्थ कमरेच्या दोन बाजूंच्या रिंगांना आखूड दोर लावून बुंध्याला टेकून काम करता येतं. डोंगर चढायच्या हार्नेसवर ईएन 12277 असतो, तो हलका आणि सुटसुटीत असतो पण कातळ चढणारा माणूस बराच वेळ स्वतःच्या पायांवर असतो, झाडावर तासभर त्याच्यात बसाल तर मांड्या बधीर.

[दृश्य: हार्नेसचा पुढचा भाग, अगदी जवळून]

आता हे बघा, पुढे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आलेला हा जाड दोराचा तुकडा, याला ब्रिज म्हणतात, त्यावर ही रिंग सरकते. तुम्ही डावीकडच्या फांदीकडे कललात की रिंग पण सरकते, म्हणून कमरेचा पट्टा पिळला जात नाही आणि खुब्याला ओढ बसत नाही. माझ्या मते आराम निम्मा इथेच ठरतो. पण घासतो पण हाच, त्यामुळे रोज चढण्याआधी बोटांनी चाचपायचा, आणि ज्याचा ब्रिज बदलता येतो असाच हार्नेस घ्यायचा.

मग प्रश्न येतो फळी हवी की मांडीचे पट्टे. खाली बसायची फळी असली की तासनतास लटकून छाटणी करता येते, पण फांद्यांमधून सरकताना ती अडकते. नुसते मांडीचे पट्टे असले की हालचाल मोकळी, एका दोरावरून वर चढायला सोपं. मौजेसाठी चढणाऱ्याला हुक आणि करवतीच्या कड्या लागतच नाहीत, हलका घ्या. हो, मौजेसाठी पण चढतात लोक, अमेरिकेत अटलांटाला पीटर जेनकिन्स यांनी 1983 मधे ट्री क्लायंबर्स इंटरनॅशनल सुरू केली, तिथे दोराने झाडावर चढायला शिकवतात. आपल्या तोरणमाळला असं काही झालं तर मी पहिला जाईन.

जळगावचा मे महिना विसरू नका, पारा 45 च्या पुढे जातो. जाड बंद फोम त्यात घामाने चिंब होतो आणि कमरेला घामोळं उठतं, हवा खेळेल अशी जाळी बघा. आणि काम झालं की हार्नेस पत्र्यावर वाळत टाकू नका, उन्हाने पट्ट्याची ताकद जाते, सावलीत टांगा.

माप कामाच्या कपड्यांवरूनच घ्या. कमरेचा पट्टा खुब्याच्या हाडांच्या वर बसला पाहिजे, खाली सरकला तर उलटं झाल्यावर माणूस निसटू शकतो. मांडीच्या पट्ट्यात चपटा हात जाईल एवढंच ढिलं. आणि विकत घेण्याआधी पंधरा मिनिटं लटका, नुसतं उभं राहून कळत नाही. पाय हलवत रहा मात्र, काहीच हालचाल न करता लटकलं की रक्त पायांत साकळतं, भोवळ येते, जीवावर पण बेतू शकतं, म्हणून झाडावर एकटं जायचंच नाही, खाली सोडवून आणणारं कुणीतरी पाहिजे. चेनसॉ, म्हणजे यंत्राची करवत, चालवताना तर मुख्य दोर आणि कमरेचा आखूड दोर दोन्ही लावलेले पाहिजेत.

[दृश्य: ओसरीच्या तुळईला टांगलेला हार्नेस, मामा त्यात बसलेले]

मामांना आधी घरातच बसवलं. पाच मिनिटं गप्प, मग डावीकडे कलले, उजवीकडे कलले, पट्टा एक घर आवळला, आणि म्हणाले, "भाच्या, चिंचेवर नेऊ का हा उद्या?" दुसऱ्या दिवशी ते तीन तास वर होते, आणि एकदाही कडी सोडली नाही.