दाद मागायला जागा नसलेला धंदा

(दृश्य: अमेरिकेतलं बॉल्टिमोर शहर. झेरॉक्सचं छोटं दुकान.)

काउंटरवर गिऱ्हाईक आणि आतली पोरं आपल्याच तोऱ्यात. मालक पोरांना समजावतो: झेरॉक्स काय, दुसऱ्या दुकानातही निघते. इथे तोंड वाकडं दिसलं की गिऱ्हाईक तिकडे जाणार. अर्थशास्त्रात याला मागणीची लवचिकता म्हणतात. मालक ती कॉलेजच्या वर्गात बसून शिकलाय.

हा स्ट्रिंगर बेल. २००२ साली सुरू झालेल्या ‘द वायर’ मालिकेतलं इड्रिस एल्बानं साकारलेलं पात्र. दुकान नावापुरतं, खरा धंदा हेरॉइनचा. मालिकेचा कर्ता डेव्हिड सायमन याच शहरात वार्ताहर होता आणि त्याचा सहलेखक एड बर्न्स इथल्या पोलिसांत डिटेक्टिव्ह. म्हणूनच यातला बाजार खरा वाटतो.

गुन्हेगारी कथांतल्या सरदारांकडून धंदा शिका, असं हल्ली खूप सांगितलं जातं. कमी बोला, दरारा ठेवा, माणसं बांधून ठेवा. मला वाटतं, या गोष्टींत याहून मोलाचं काही आहे आणि ते स्ट्रिंगरकडे सगळ्यात स्वच्छ दिसतं. कारण त्यानं धंदा मनापासून शिकून घेतला होता.

माल हलका निघाला, तर नाव बदलून विकला. गल्लीसाठी मुडदे पाडण्यापेक्षा चांगला माल सगळ्यांनी मिळून आणू, म्हणून प्रतिस्पर्ध्यांना एका टेबलावर बसवलं. सभा नियमाने चालणार, ज्याला बोलायचंय त्याने अध्यक्षांची परवानगी घ्यायची.

(दृश्य: सभा. एक पोरगा वहीत काहीतरी लिहितोय.)

स्ट्रिंगर विचारतो, हे काय? पोरगा सांगतो, सभेचं इतिवृत्त, नियमातच आहे. स्ट्रिंगर तो कागद हिसकावून घेतो. गुन्ह्याच्या कटाची टिपणं काढतोस?

या प्रसंगाशी जरा थांबू या. जिथे कागद ठेवता येत नाही, तिथे करार नाही, पावती नाही, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही.

‘द गॉडफादर’, १९७२ चा सिनेमा. सुरुवातीलाच अंत्यविधीचं काम करणारा बोनासेरा डॉनपुढे, म्हणजे माफियाच्या म्होरक्यापुढे येतो. मुलीला मारहाण करणारे कोर्टातून हसत सुटलेत. डॉन पैसे घेत नाही, उपकार नावावर मांडून ठेवतो. पुढे स्वतःच्या मुलाचं गोळ्यांनी चाळण झालेलं शरीर त्याच्याच हाती सोपवून म्हणतो, आईला बघवेल असं कर. इटालियन समाजशास्त्रज्ञ दिएगो गाम्बेत्ता यांनी १९९३ मध्ये खऱ्या सिसिलियन माफियाबद्दल हेच मांडलं: त्यांचा मुख्य माल म्हणजे संरक्षण, आणि विश्वास नसलेल्या बाजारात तो खपतो.

स्ट्रिंगरला या बाजारातून बाहेर पडायचं होतं. इमारती बांधायच्या, कायदेशीर बिल्डर व्हायचं. सरकारी पैसा मिळवून देतो म्हणत सिनेटर क्ले डेव्हिस त्याच्याकडून बॅगा भरून रोकड नेतो. शेवटी वकील समजावतो, तुला बनवलंय. चिडलेला स्ट्रिंगर सिनेटरचा मुडदा पाडायला निघतो आणि त्याचा भागीदार अ‍ॅव्हन त्याला अडवतो. फिर्याद तरी कशी करणार? लाच दिली होती, असं लिहून?

वर्गातलं सगळं त्याला समजलं होतं. पण लवचिक मागणी, बाजारातला हिस्सा ही हत्यारं ज्या जमिनीवर चालतात, ती जमीन करारांची असते. स्ट्रिंगर खोटं बोलून दोन माणसांना एकमेकांवर सोडतो. पुढे तेच दोघे एकत्र येऊन त्याला गाठून ठार मारतात, त्याच्याच अर्धवट बांधलेल्या इमारतीत.

(दृश्य: नीटनेटकं घर. पुस्तकांचं कपाट.)

इतके दिवस त्याच्या मागावर असलेला डिटेक्टिव्ह मॅकनल्टी घराची झडती घेतोय. कपाटातून अर्थशास्त्राचा पाया मानलं जाणारं एक पुस्तक काढतो: अ‍ॅडम स्मिथचं ‘वेल्थ ऑफ नेशन्स’. पानं चाळतो आणि विचारात पडतो, आपण पाठलाग करत होतो तो नेमका कोणाचा?