दोऱ्याला टांगलेला मेंदू

बादलीत दोऱ्याला टांगलेला हा माणसाचा मेंदू आहे. वजन साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम.

कवटीतून काढला तेव्हा तो लोण्यासारखा मऊ होता. ताटात ठेवला असता, तर स्वतःच्याच वजनाने चपटा झाला असता. म्हणून त्याच्या तळाकडच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवायचा, दोऱ्याची टोकं बादलीच्या कडांना बांधायची आणि मेंदू फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे त्याला टिकवणाऱ्या द्रावणात, उलटा सोडायचा. बुडाला टेकता कामा नये. टेकला की आकार बिघडला. असे दोन-तीन आठवडे. मग तो कापण्याइतका घट्ट होतो.

आता काप पाहा. कडेचा हा करडा पट्टा म्हणजे मेंदूची साल, जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड. बोलणं, ठरवणं, हात उचलण्याचा हुकूम, सारं या सालीतून. कवटीत मावावी म्हणून तिला इतक्या घड्या. आतलं पांढरं म्हणजे चेतातंतूंचे जुडगे, एका भागाचा निरोप दुसऱ्याकडे नेणारे. खाली आतल्या बाजूला ही छोटी वळकटी, हिप्पोकॅम्पस. नवी आठवण पक्की व्हायला ती लागते. अल्झायमरमध्ये ती आकसते.

मागचा लहान मेंदू उभा चिरला, की आत झाड दिसतं. तोल आणि हालचालीतला नेमकेपणा त्याच्याकडे. वजनाने जवळपास दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी बहुतेक याच लहान मेंदूत आहेत.

आणि हे दोन काप शेजारी-शेजारी ठेवलेत, ते नीट बघा. मध्यमेंदूचे आहेत. डावीकडे काळी रेघ ठळक आहे. उजवीकडे ती फिकी पडलीय. या काळ्या पेशी डोपामाइन तयार करतात. त्या मरत गेल्या की हात थरथरतो, पाऊल अडखळतं. हा पार्किन्सन.

डावीकडचा मेंदू निरोगी माणसाचा. तोही कुणीतरी दिला, म्हणून तर तुलना करता आली.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेत मेंदूपेढी आहे, म्हणजे दान मिळालेले मेंदू अभ्यासासाठी जपण्याची जागा. तिथल्या संग्रहालयात खरा मेंदू हातातही घेता येतो. नेत्रदानाबद्दल आपण घरात बोलतो. मेंदूदानाचा विषय निघतच नाही. मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढावा लागतो आणि तेव्हा होकार द्यायचा असतो घरच्यांनी. तो वेळेत मिळाला नाही, तर मेंदू अभ्यासाला मिळत नाही.

हातमोजे घातलेले हे हात आता दुसरा दोरा ओवताहेत.