सही करायच्या आधी ते काँट्रॅक्ट वाचा

नमस्कार मंडळी, चँडलर, गिल्बर्ट, फिनिक्समधून जे ऐकताय त्यांना आणि तिकडे पुण्या-नागपुरात ज्यांची नातवंडं इथे शाळेत जातात त्या आजी-आजोबांनाही. परवा आरती झाल्यावर आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, अगं सरकार मुलामागे सात हजार डॉलर देतंय, आम्ही पण फॉर्म भरतोय. मी म्हटलं वहिनी, थांबा जरा, आधी माझं ऐका.

याला इथे अ‍ॅरिझोनात ईएसए म्हणतात, मुलाच्या शिक्षणाचं खातं. सरकारी शाळेत राज्याने तुमच्या मुलावर जो खर्च केला असता त्यातले साधारण 90 टक्के दर तीन महिन्यांनी या खात्यात येतात, मग त्यातून प्रायव्हेट शाळेची फी भरा, ट्यूशन लावा, पुस्तकं घ्या, थेरपी करा, फक्त पावत्या जपून ठेवायच्या. हे खात्याचं प्रकरण आलं कुठून, तर आधी प्रायव्हेट शाळेच्या फीसाठी सरकारी व्हाउचर होते, ते 2009 मध्ये अ‍ॅरिझोनाच्या सुप्रीम कोर्टाने रद्द केले कारण प्रायव्हेट शाळांना सरकारी पैसा द्यायला अ‍ॅरिझोनाच्या घटनेत मनाई आहे, म्हणून 2011 मध्ये पैसा शाळेला न देता आईबापांच्या हातात द्यायची वाट काढली. देशातली ही पहिली अशी योजना आणि तेव्हा ती फक्त दिव्यांग मुलांसाठी होती. 2018 मध्ये ती वाढवायची का म्हणून मतदान झालं, लोकांनी मोठ्या फरकाने नाही म्हटलं, तरी 2022 मध्ये गव्हर्नर ड्यूसींनी सही करून सगळ्यांना खुली केली. तेव्हा बारा हजारांच्या आसपास मुलं होती, पुढे 75 हजारांच्या वर गेली.

मी या योजनेच्या विरोधात नाहीये हं. माझा मुलगा उशिरा बोलायला लागला, याच खात्यातून त्याची स्पीच थेरपी झाली, त्याने पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोललं तो दिवस मी विसरणार नाही. पण आम्ही त्याला एका प्रायव्हेट शाळेत घातलं आणि तिसऱ्या महिन्यात त्यांनी सांगून टाकलं की आम्हाला जमणार नाही, घेऊन जा. मी आयईपी दाखवायला गेले, म्हणजे त्याला काय काय मदत द्यायची ते लिहिलेला प्लॅन, तर कळलं की तो इथे चालतच नाही. ईएसए घेताना जे काँट्रॅक्ट असतं त्यात आपणच लिहून देतो की सरकारी शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टवर आता मुलाला शिकवायची जबाबदारी नाही, आणि मी ते न वाचता सही केली होती. शेवटी खातं बंद करून सरकारी शाळेत गेलो, त्यांनी एक प्रश्न न विचारता घेतलं.

आपल्याकडे महाराष्ट्रात आरटीईच्या 25 टक्क्यांत लॉटरी लागली की शाळेला नाही म्हणता येत नाही, 2024 मध्ये राज्य सरकारने बऱ्याच प्रायव्हेट शाळांना त्यातून सूट द्यायचा प्रयत्न केला तर मुंबई हायकोर्टाने तो हाणून पाडला. इथे पैसे मिळतात पण जागेचा हक्क मिळत नाही, मूल कोणतं घ्यायचं ते शाळाच ठरवते. आणि चांगल्या शाळांची फी सात हजारांत कुठे बसते, वरचे आपल्या खिशातून. सगळ्यांना खुली झाल्यावर सुरुवातीला ज्यांनी अर्ज केले त्यातली साधारण तीन चतुर्थांश मुलं सरकारी शाळेत नव्हतीच, म्हणजे जे आधीच फी भरत होते त्यांनाच आधी पैसा मिळाला, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

डॅलस-ह्यूस्टनवाल्यांनो, तुमच्याकडे टेक्सासमध्येही 2025 मध्ये असा कायदा झालाय, 2026-27 च्या वर्षापासून लागू, तर तुम्ही पण ऐकून ठेवा. मूल आयईपीवर असेल तर अर्ज भरायच्या आधी शाळेला विचारा, वर्षाच्या मध्ये काढून टाकाल का, आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. जुन्या आयईपीची कॉपी पण घरी ठेवा, परत यायची वेळ आली तर तीच लागते. वहिनींकडे मी शनिवारी जाणार आहे, काँट्रॅक्ट दोघी मिळून ओळ न ओळ वाचणार आहोत.